तोच एपिसोड, तेच डायलॉग, तरी आई परत तेवढीच हसते. असं का होतं?

रावपुऱ्यातला

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण गेले दोन महिने डोक्यात फिरतोय म्हणून इथे टाकतोय, आणि शेवटी एक मदत पण हवीये.

आई ७४ वर्षांची आहे. बाबा गेले त्याला दिवाळीत वर्ष झालं, तेव्हापासून ती आमच्याकडे असते. मी आणि बायको दोघं कामावर, मुलगी कॉलेजला, दुपारी घरात ती एकटी. मुलीनेच तिला टीव्हीवर युट्यूब लावायला शिकवलं, आईला टाइप करता येत नाही पण रिमोटचं ते माइकचं बटण दाबून 'साराभाई' म्हटलं की येतं हे तिला समजलं, आणि तेव्हापासून दुपारी दोन ते पाच हाच कार्यक्रम. साराभाई, खिचडी, हम पांच, श्रीमान श्रीमती, मधूनच ये जो है जिंदगी. नवीन काही लावून दिलं तर दहा मिनिटं बघते आणि म्हणते "चांगलं आहे रे, पण आता माझं लाव."

गेल्या आठवड्यात मला सुट्टी होती. तुवेरीचा सीझन आहे, आई सूप घेऊन कचोरीसाठी लिलवा, म्हणजे तुरीचे ओले दाणे, सोलत बसली होती, टीव्हीवर साराभाई. तो एपिसोड तिने माझ्यासमोरच तीनदा बघितलाय, एकूण किती वेळा ते मोजलेलं नाही. मी टीव्हीकडे बघतच नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. त्यातली सासू माया सुनेला 'मोनिशा बेटा' म्हणायच्या आधी, बरं का, आधी, आईचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली, अंगठा आत, डोळे वर. मग मायाने ते म्हटलं, पाठोपाठ ते मिडल क्लास आलं, आणि आई अशी हसली की मांडीवरचं सूप हललं. मग अंगठा पुढे सरकला आणि शेंग सोलून झाली.

म्हणजे तिला नेमकं माहीत होतं काय येणार आहे ते. मला आजपर्यंत वाटायचं की हसू येतं ते अचानक काहीतरी आल्यामुळे. व्हॉट्सअॅपवर तोच जोक दुसऱ्यांदा आला की आपण वाचत पण नाही. मग ह्या सिरियल्सचं काय आहे? काही तर ४० वर्षं जुन्या आहेत, सेट हलतोय, रंग उडालेत, तरी चालतंय.

आणि मदत अशी की तिच्यासाठी एक यादी करायचीये. अटी: रडारड नको, कुणाचा सारखा अपमान नको, आणि आवाज कर्कश नको कारण तिला कानाचं मशीन आहे. मराठी, हिंदी, गुजराती काहीही चालेल.

विश्वामित्री_काठ

तुमच्या आईचा तो थांबलेला अंगठा वाचला आणि उत्तर मला तिथेच दिसलं. ती वाट बघत होती. पुढे काय येणार हे माहीत असल्याशिवाय वाट बघता येते का?

आपण मराठी माणसं तर हे पिढ्यान्‌पिढ्या करतोय. संगीत नाटकात पद संपलं की वन्स मोअर यायचा, तो काय पद कळलं नाही म्हणून? चाल पाठ, शब्द पाठ, तरी परत पाहिजे आणि ती तान त्याच जागेवर पाहिजे. कीर्तनाला बसलेल्या बायकांना हरिश्चंद्राचं पुढे काय होणार हे ठाऊक नसतं का? तरी डोळ्याला पदर लागतोच. फैयाज खाँसाहेब ज्या शहरात गायले त्या आपल्या बडोद्यात हे वेगळं सांगायला नको, बंदिश ओळखीची असली की श्रोता आधीच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जाऊन बसतो आणि गवई तिथे कसा येतोय ते बघतो. तुमची आई समेवर जाऊन बसली होती.

दुसरं म्हणजे जोक वेगळा आणि स्वभाव वेगळा. व्हॉट्सअॅपच्या जोकमध्ये फक्त शेवटची ओळ असते, ती एकदा फुटली की झालं. मायाचं तसं नाही, माया काय बोलली ह्याच्यापेक्षा ती माया आहे म्हणून ती हे बोलणारच, ह्याचं हसू येतं. आमच्याकडे एक मामी आहेत, दरवेळी आल्या की "मी काही खाणार नाही हं, आत्ताच जेवून निघाले" म्हणतात आणि मग आग्रह झाला की दोनदा भात घेतात. तीस वर्षं झाली, आम्ही भावंडं अजून एकमेकांकडे बघून हसतो आणि खरं सांगते, ज्या दिवशी मामी सरळ "वाढ गं" म्हणतील त्या दिवशी आम्हाला चुकल्यासारखं होईल. जुन्या चांगल्या कॉमेडीतली माणसं अशीच नातेवाईक होऊन बसतात. साराभाईतल्या रोसेशने कविता वाचायला घेतली की पोटात आधीच कळतं. खिचडीत हंसाने इंग्लिश शब्दाचा अर्थ विचारला की प्रफुल चुकीचा अर्थ सांगणार, तोही पूर्ण खात्रीने, आणि ती तो पूर्ण विश्वासाने घेणार. तो विश्वास बघायचा असतो. दोघं नवरा-बायको एकमेकांवर किती खूश आहेत बघा, चुकतात पण बरोबर चुकतात.

यादीत ऑफिस ऑफिस टाका. २००१ सालचं, पंकज कपूरचा मुसद्दीलाल. त्यातली युक्ती मला फार आवडते: दर वेळी ऑफिस वेगळं, कधी पेन्शन, कधी वीज, कधी हॉस्पिटल, पण टेबलामागची माणसं तीच पाच. भाटिया खात बसलेला, शुक्लाच्या तोंडात पान, पटेल कुठल्याही प्रश्नाच्या दोन शक्यता सांगणार, पांडे, आणि आपली आसावरी जोशी उषाजी म्हणून. आता हे पैसे वाचवायला केलं असेल किंवा कसं, पण ज्याने कधी कागद घेऊन चकरा मारल्यात त्याला माहितीये की हेच खरं आहे, कुठल्याही ऑफिसात जा, माणसं तीच भेटतात.

सेवउसळ_जास्त_तर्री

फ्लॉप शो. जसपाल भट्टी. १९८९. फक्त १० एपिसोड आहेत, दोन दुपारी लागतील. बीबीसीच्या फॉल्टी टॉवर्सचे पण सगळे मिळून १२ च, १९७५ ला ६ आणि १९७९ ला ६. ताणलं नाही म्हणून टिकलं असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या सिरियलला कोण म्हणणार बारा भाग झाले, आता थांबा.

माहेर_इंदूर

मी लग्न होऊन बडोद्याला आले १९९१ ला, माहेर इंदूरचं, आणि ये जो है जिंदगीचं नाव निघालं की मी गप्प बसू शकत नाही कारण ती आम्हाला आमच्या घरची सिरियल वाटायची. लिहायचे शरद जोशी. हिंदीतले एवढे मोठे व्यंग्यकार, जन्म उज्जैनचा, शिक्षण इंदूरला होळकर कॉलेजात, नई दुनियात कॉलम लिहायचे आणि आमचे वडील तो पेपर उघडला की आधी तेच वाचायचे. त्यामुळे १९८४ मध्ये ती सिरियल सुरू झाली तेव्हा आमच्याकडे "आपले जोशी लिहितायत" असं चाललेलं. दिग्दर्शक कुंदन शहा, त्यांचा जाने भी दो यारो त्याच्या आदल्याच वर्षीचा. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, फरीदा जलाल, आणि सतीश शाह! सतीश शाह दर एपिसोडला वेगळा माणूस बनून यायचे, आज कोणीतरी दुकानदार, पुढच्या आठवड्यात आणखी कोणी, आणि आमची पैज लागायची की आज कोण बनून येणार. बघा ना, एकाच सिरियलमध्ये बाकीची माणसं दर वेळी तशीच आणि हा एक दर वेळी वेगळा, म्हणजे घर तेच आणि पाहुणा नवा. २०२५ च्या ऑक्टोबरात ते गेले तेव्हा मला घरातलंच कोणी गेल्यासारखं झालं, इंद्रवदन साराभाई पण तेच ना.

मला ह्या प्रश्नाचं एक उत्तर असं वाटतं की आपण त्या सिरियल्स टीव्हीवर एकदाच बघायचो पण सांगायचो दहा वेळा. आठवड्यातून एक एपिसोड, रेकॉर्डिंग नाही, हुकला तर हुकला. लाइट जायची, नाहीतर ती पाटी यायची, रुकावट के लिए खेद है. मग ज्याने बघितलाय तो ज्याने नाही बघितला त्याला सांगणार, नळावर, वर्गात, ओट्यावर, वडिलांच्या ऑफिसात. माझी मोठी बहीण ये जो है जिंदगीतल्या टिकू तलसानियाचा 'ये क्या हो रहा है' करून दाखवायची, मान हलवून, आणि आमची आजी जिने टीव्ही नीट बघितलाच नव्हता (तिला डोळ्याला त्रास व्हायचा) ती बहिणीचं बघून हसायची आणि उलट आम्हालाच ओरडताना म्हणायची, ये क्या हो रहा है. म्हणजे ते डायलॉग आपल्या घरातल्या माणसांच्या आवाजात बसलेत. आता युट्यूबवर टिकू तलसानिया म्हणतो तेव्हा मला बहिणीचा आवाज येतो, ती आता नागपूरला असते, मी लगेच फोन लावते.

तुमच्या आईला विचारून बघा, ती कोणाच्या आवाजात ऐकते.

सयाजीबाग_सकाळी

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळं जुनं ते सोनं हे मला पटत नाही. मी लॉकडाउनमध्ये बऱ्याच जुन्या मालिका परत बघितल्या आणि काही अर्ध्यात बंद केल्या. श्रीमान श्रीमती घ्या, रीमा लागू आणि जतिन कनाकिया दोघांचं काम अव्वल, त्यात वाद नाही, पण मूळ गोष्ट काय तर शेजाऱ्याच्या बायकोवर डोळा, आणि तेच शेकडो मिनिटं. माझ्या मुलीने शेजारी बसून दोन भाग बघितले आणि विचारलं, बाबा ह्यात गंमत काय आहे, त्या बाईला त्रास होतोय ना? मला उत्तर देता आलं नाही. जबान संभाल के मध्ये पण प्रत्येक प्रांताच्या माणसाची बोली हाच विनोद. मूळ इंग्रजी माइंड युअर लँग्वेज १९७७ चं, तिथे पण तेच.

शिवाय जे वाईट होतं ते आपण विसरलो. १९८५ ते ९५ मध्ये दूरदर्शनवर ढिगाने फालतू विनोदी मालिका आल्या, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. उरल्या त्या पंधरा-वीस, आणि आपण म्हणतो काय काळ होता.

तरी वागले की दुनिया मी मनापासून सुचवतो. १९८८, परत कुंदन शहाच, आणि पात्र आर. के. लक्ष्मण यांचं. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. त्यात कोणाची टिंगल नाही. माणूस बाजारात जातो, बसची वाट बघतो, साहेबाला घाबरतो, बायकोपुढे उगाच शूर होतो. अंजन श्रीवास्तव मराठी नाहीत पण चेहऱ्यावरून आमच्या बँकेतला हेडकॅशियर वाटायचे. नवीन वागले २०२१ ला आलं त्यात मुलगा म्हणून सुमीत राघवन आहे, तोच साराभाईतला साहिल, आणि जुने दोघं आजी-आजोबा झालेत. आईंना ओळखीचे चेहरे मिळतील.

विश्वामित्री_काठ

@सयाजीबाग_सकाळी तुमच्या मुलीचं बरोबर आहे आणि मी त्यावर वाद घालणार नाही. पण मग बघा ना, कुठल्या टिकल्या? ज्यात माणूस स्वतःच्याच स्वभावात अडकलाय त्या. दुसऱ्याला पाडून हसायच्या होत्या त्या तुम्ही अर्ध्यात बंद केल्यात. म्हणजे गाळणी वेळेचीच आहे पण ती उगाच गाळत नाही.

आणि साराभाईचंच उदाहरण घ्या, २००४ ते २००६ मध्ये स्टार वनवर लागायची तेव्हा टीआरपी फारसा नव्हता, बंद झाली. लोकांनी ती नंतर उचलली, रिपीटमध्ये आणि इंटरनेटवर. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज कॉलेज संपवून नोकरीला लागलीत आणि रोसेशच्या कविता पाठ म्हणतात. जुने दिवस आठवतात म्हणून हे सगळं चालतं म्हणावं तर ज्यांनी ते दिवस बघितलेच नाहीत त्यांचं काय?

ध्वनीमुद्रक_प्रतापगंज

कानाच्या मशीनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो, माझं कामच साउंडचं आहे.

आईंना नवीन कार्यक्रम 'चांगले आहेत पण माझं लाव' वाटतात ह्याचं एक कारण कान असू शकतं. आताच्या विनोदी कार्यक्रमात प्रत्येक वाक्याखाली म्युझिक असतं, वाक्य संपायच्या आत ढॅण्ण असा आवाज, त्यावर टाळ्या, त्यावर परत हसणं. आपला कान ह्यातून बोलणं वेगळं काढतो, साधं मशीन सगळंच मोठं करून देतं. मशीन लावलेल्या माणसाला ते भांडी पडल्यासारखं ऐकू येतं. जुन्या मालिकांमध्ये बहुतेक वेळ एका वेळी एकच माणूस बोलतो आणि बाकीचे खरोखर ऐकत असतात. ही सवय नाटकाची. दिलीप प्रभावळकर, रीमा लागू, शफी इनामदार, सगळे स्टेजवरून आलेले. रत्ना पाठक आणि सुप्रिया पाठक म्हणजे माया आणि हंसा, ह्या तर सख्ख्या बहिणी, दीना पाठकांच्या मुली, गुजराती रंगभूमी घरातच. स्टेजवरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असतो, आणि हशा आला की थांबायचं असतं, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. समोर प्रेक्षक नसला तरी ती थांबायची जागा त्यांच्या बोलण्यात राहते. त्या जागेत आपण घरी बसून हसतो आणि पुढचं वाक्य बुडत नाही. आईंचा अंगठा ज्या जागेत थांबला ती जागा नटाने ठेवलेली आहे, हे मला सांगायचंय.

अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनियरने १९५० च्या दशकात हसण्याचं मशीनच बनवलं होतं, टाइपरायटरसारखी बटणं, एक दाबलं की खुदखुद, दुसरं दाबलं की सगळं थिएटर. वर्षानुवर्षं तिकडच्या मालिकांमध्ये तेच हसणं वाजलं. त्याने सवय लागते पण वाईट वाक्य चांगलं होत नाही.

कामाचं: टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा स्पीच असं काहीतरी असेल ते चालू करा, सराउंड बंद करा. मशीन ब्लूटूथचं असेल तर टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये देता येतो, जिथून घेतलंय तिथे विचारा. आणि टीव्ही भिंतीला टांगलेला असेल तर त्याचे स्पीकर बहुतेक मागे किंवा खाली असतात, समोर एक साधा साउंडबार ठेवला तरी फरक पडतो.

जुनी_पुस्तकं_दांडिया_बाजार

एवढं सगळं झालं आणि बडोद्याच्या पानावर चिमणरावांचं नाव कोणी घेतलं नाही ह्याचं मला वाईट वाटतंय!

मराठी टीव्हीवरची पहिली गाजलेली विनोदी मालिका म्हणजे मुंबई दूरदर्शनवरचं चिमणराव गुंड्याभाऊ, सत्तरच्या दशकाच्या शेवटी. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांनी ती केली. आणि हे चिमणराव लिहिणारे चिं. वि. जोशी आपल्या बडोद्याचे. जन्म पुण्याचा १८९२ चा, पण नोकरीची बरीच वर्षं इथे गेली, बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे. बौद्ध ग्रंथांचे अभ्यासक, पालीवर पुस्तकं लिहिणारा माणूस, आणि तोच माणूस चिमणरावांची फजिती लिहायचा. १९३० च्या दशकात पुस्तकं आली, एरंडाचे गुऱ्हाळ, चिमणरावांचे चऱ्हाट. १९४० मध्ये मास्टर विनायकांनी त्यावर लग्न पहावे करून हा सिनेमा काढला, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते. मग चाळीसेक वर्षांनी टीव्ही. म्हणजे टीव्हीवर आली तेव्हाच ती गोष्ट जुनी होती, घरातल्या आज्या-आजोबांना पाठ होती, आणि तरी लोक हसले. तुमच्या प्रश्नाचं ह्याच्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आणि ती चुटपुट अजून आहे की आमच्या घरी मुंबई केंद्र दिसायचंच नाही. आम्ही अमदावाद केंद्र बघणारे, तेही गच्चीवर अँटेना फिरवत, खालून कोणीतरी "आला, आला, गेला" असं ओरडणार. ज्या गावात बसून चिमणराव लिहिले गेले तिथे ते दिसत नव्हते! मी पहिल्यांदा बघितले ते दादरला मावशीच्या चाळीत, मे महिन्याच्या सुट्टीत. मी तेव्हा दहा वर्षांचा. एका खोलीत वीसेक माणसं, दारात चपलांचा ढीग, मुलं जमिनीवर टीव्हीच्या अगदी पुढ्यात. प्रभावळकरांची ती मान पुढे काढून चालायची पद्धत, सदऱ्यात अंग मावतंय की अंगात सदरा मावतोय कळू नये अशी शरीरयष्टी, आणि शेजारी बाळ कर्वे पहाडासारखे. दोघं नुसते दारातून आत आले तरी खोली हसायची, अजून काही बोललेले पण नसायचे. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ह्यांचे लेखक आमच्या बडोद्याचे. कोणी लक्ष दिलं नाही, सगळे टीव्ही बघत होते, पण मला फार अभिमान वाटला होता.

चिमणरावांना मोठं व्हायचं असतं असं काही नाही हो. त्यांना कारकुनी नीट करायची असते, बायकोला, काऊला, खूश ठेवायचं असतं, चार पाहुण्यात मान राहावा एवढंच. आणि तेवढंच होत नाही. ह्याच्यावर हसताना माणूस त्यांच्या बाजूचा असतो. पुढे ह्याच प्रभावळकरांनी २००१ ते २००५ मध्ये श्रीयुत गंगाधर टिपरे केलं, रोज डायरी लिहिणारे आबा, सून, मुलगा, नातवंडं, एका घरात तीन पिढ्या. चिमणराव पंचविशीत बघितलेल्या माणसाने टिपरे पन्नाशीत बघितलं. आईंसाठी तर मी आधी टिपरे सांगेन, आजच्या त्यांच्या घरासारखंच घर आहे ते. आणि मग चिमणरावांचे जे थोडे भाग हाती लागतील ते.

जाता जाता अजून एक मालिका, मिस्टर योगी. दिग्दर्शक केतन मेहता, मधु राय यांच्या गुजराती कादंबरीवरून, अमेरिकेतून मुली बघायला आलेला पटेल मुलगा, बारा राशींच्या बारा मुली. आणि तो पटेल कोण तर आपला मोहन गोखले, मराठी माणूस. सूत्रधार ओम पुरी. बडोद्याच्या मराठी घरात ही नाही बघायची तर कुठे.

रावपुऱ्यातला

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येकाचं काही ना काही केलंय.

@ध्वनीमुद्रक_प्रतापगंज क्लिअर व्हॉइस चालू केलं आणि टीव्ही भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला. आई पहिल्याच दिवशी म्हणाली "आज हे लोक हळू बोलतायत का रे?" मी म्हटलं नाही, तेच आहेत. आवाज आता २८ वरून १७ वर आलाय. दोन वर्षं आम्ही तिला म्हणत होतो की तुझं मशीन नीट लावलेलं नाहीस, ह्याचं मला खूप वाईट वाटलं.

ऑफिस ऑफिस लावलं. पहिल्या भागाला आई अजिबात हसली नाही, तोंड घट्ट मिटून बघत होती. मला वाटलं चुकलं. बाबा गेल्यावर त्यांची पेन्शन आईच्या नावावर करायला आम्ही चार महिने एका ऑफिसात फिरलो, दर वेळी एक कागद कमी, एकदा तर "तुम्ही हयात आहात ह्याचा दाखला आणा" असं तिला समोर उभी असताना सांगितलं होतं. तेव्हा ती घरी येऊन काही बोलली नव्हती, नुसती देवघरात जाऊन बसली होती. दुसऱ्या भागात मुसद्दीलाल ह्या टेबलावरून त्या टेबलावर जायला लागला तसं ती बोलायला लागली, "हा बघ, हा पान खाणारा आपल्याकडे खिडकीपाशी होता. ती उषा पण होती, ती बरी होती पण, तिने मला पाणी दिलं होतं." आणि मग हसायला लागली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. चार महिन्यांचं सगळं त्या दुपारी बोलली, मी शेजारी बसून नुसता ऐकत होतो.

@माहेर_इंदूर ताई, तुम्ही सांगितलंत तसं विचारलं, कोणाच्या आवाजात ऐकतेस म्हणून. ती आधी म्हणाली काहीतरीच काय. मग रात्री जेवताना स्वतःहून म्हणाली, बाबा टिकू तलसानियाच्या आधी म्हणायचे. मला हे आठवतच नव्हतं. ते खुर्चीत पेपर वाचत बसायचे, टीव्हीकडे लक्ष नाही असं दाखवायचे, आणि बरोबर त्या जागी पेपरच्या मागून आवाज यायचा, ये क्या हो रहा है, आणि मग टीव्हीतला म्हणायचा. आई म्हणाली "ते आधी म्हणायचे ना, म्हणून मी थांबते."

@जुनी_पुस्तकं_दांडिया_बाजार काका, टिपरे रोज चालू आहे, आबा डायरी लिहायला बसले की मुलगी पण अभ्यास सोडून येते, दोघी मिळून बघतात. चिमणरावांचा एक भाग मिळाला, प्रिंट फार खराब आहे, मुंग्या खूप, पण आवाज बरा आहे. चिं. वि. जोशी बडोद्याचे हे आईला माहीत होतं, मलाच नव्हतं. तो भाग तिने लागोपाठ दोनदा बघितला, आणि दुसऱ्यांदा गुंड्याभाऊ दारात यायच्या आधी तिने लिलव्याचं सूप बाजूला ठेवलं.

आणखी भाग कोणाकडे असतील तर सांगा. व्हीसीआरची कॅसेट असली तरी चालेल, मी कन्व्हर्ट करून आणतो आणि कॅसेट परत पोचवतो. आईने विचारायला सांगितलंय.